ड्रोन आपला, मोटर कुणाची?

(पिंपळगाव बसवंत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे निवडक आहेत.)

विषय दिलाय 'भारतातला ड्रोन उद्योग : दिशा आणि अडचणी'. समोर बघतो तर निम्मे द्राक्षबागायतदार, मागे कॉलेजची मुलं आणि या बाजूला बचत गटाच्या ताई बसल्यात. तिघांचे प्रश्न वेगळे. बागायतदाराला विचारायचंय, हा ड्रोन माझ्या बागेत चालतो का? मुलांना वाटतं, यात धंदा आहे का? ताईंना कुणीतरी सांगितलंय की सरकार ड्रोन देतं, तर घ्यावा का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी एकाच ठिकाणी जाऊन अडतात, ड्रोन बनतो कुठे आणि कशाचा बनतो या प्रश्नापाशी. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ड्रोन उघडून बघितला तर आत काय असतं? कार्बन फायबरचा सांगाडा. चार, सहा किंवा आठ मोटरी. प्रत्येक मोटरीला वेग कमीजास्त करणारं एक छोटं सर्किट, त्याला धंद्यात ईएससी म्हणतात. मधोमध मेंदू, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर. जीपीएस, रेडिओ, बॅटरी. फवारणीचा असेल तर टाकी, पंप आणि नोझल. झालं. तुमच्या ट्रॅक्टरच्या मानाने भाग कमीच. मग अवघड काय आहे? तो हवेत स्थिर राहणं. चारही मोटरींचा वेग सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त करावा लागतो, आणि त्यासाठी आपण किती कललोय, किती फिरलोय हे यंत्राला सतत कळावं लागतं. हे सांगणारे सेन्सर पूर्वी विमानात असत आणि त्यांची किंमत लाखांत असे. मग स्मार्टफोन आला. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ना, तोच सेन्सर. कोट्यवधी फोनांसाठी तो बनायला लागला आणि काही रुपयांवर आला. हलकी लिथियम बॅटरी, स्वस्त जीपीएस चिप आणि बारीक कॅमेराही फोनमुळेच स्वस्त झाले. ड्रोन हे एका अर्थाने मोबाइलचं भावंड आहे. मोबाइलचे भाग जिथे बनत होते त्या चीनच्या शेनझेन शहरात ड्रोनचा धंदा वाढला, यात नवल काही नाही.

तिथली डीजेआय ही कंपनी २००६ची. २०१३च्या सुरुवातीला त्यांनी 'फँटम' नावाचा ड्रोन बाजारात आणला. खोक्यातून काढायचा आणि उडवायचा. अमेरिकेत क्रिस अँडरसन यांची थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी तेव्हा जोरात होती. २०१५ला त्यांनी 'सोलो' नावाचा चांगला ड्रोन काढला, आणि २०१६मध्ये त्यांना ड्रोन बनवणंच सोडून द्यावं लागलं. डीजेआय किंमत उतरवत गेली, नवं मॉडेल काढत गेली आणि यांचा माल गोदामात पडून राहिला. अमेरिकेसारख्या देशातल्या, गाठीशी भांडवल असलेल्या कंपनीची ही गत झाली, हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कुठल्याही कारखान्याला याच स्पर्धकाशी गाठ आहे.

आणि आपण तेव्हा काय करत होतो? मे २०१४मध्ये मुंबईत वरळीला एका पिझ्झावाल्याने एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोचवला. बातमी जगभर गेली. पोलिसांनी विचारणा सुरू केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली की नियम होईपर्यंत खासगी माणसाने ड्रोन उडवायचा नाही. नियम यायला डिसेंबर २०१८ उजाडला. तेही इतके किचकट की कुणी धड पाळू शकेना. शेवटी २५ ऑगस्ट २०२१ला नवे ड्रोन नियम आले. फॉर्म पंचवीसवरून पाचवर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून चारवर. चांगले नियम आहेत ते, मी त्यांची तारीफच करतो. पण २०१४ ते २०२१ ही सात वर्षं! जग ज्या सात वर्षांत हा धंदा शिकलं त्याच सात वर्षांत आपण दार लावून बसलो होतो. आज जी अडचण दिसते तिचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

दार बंद असताना आत शिरायची एकच वाट होती, लष्कर आणि पोलीस. आपल्या मुंबईची आयडियाफोर्ज ही कंपनी त्याच वाटेने मोठी झाली. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७मध्ये काढलेली ही कंपनी, आता नवी मुंबईत आहे. 'थ्री इडियट्स' सिनेमात जो चार पंख्यांचा ड्रोन उडतो, तो यांनी बनवून दिलेला. पुढे डीआरडीओबरोबर 'नेत्र' केला. विमानासारखे पंख असलेला, पण हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उठणारा 'स्विच' केला, आणि २०२१च्या सुरुवातीला लष्कराची मोठी ऑर्डर मिळाली. २०२३च्या जून अखेरीस शेअर विक्रीला काढला. ६७२ रुपयांना दिलेला शेअर ७ जुलैला बाजारात आला तो तेराशेच्या आसपास उघडला. इथेही काहींनी अर्ज भरले असतील, मला माहीत आहे! पुढे दोन वर्षांच्या आत तो ६७२च्याही खाली गेला.

का गेला? आकडे बघा. २०२३-२४ला कंपनीचं उत्पन्न सुमारे ३१४ कोटी आणि नफा ४५ कोटी. पुढच्याच वर्षी उत्पन्न जवळपास निम्म्यावर, १६१ कोटींच्या आसपास आलं आणि साठ कोटींहून जास्त तोटा झाला. इंजिनिअर तेच, कारखाना तोच. ऑर्डर मात्र आल्या नाहीत, कारण गिऱ्हाईक मुख्यतः एकच आहे, सरकार. टोमॅटोचा भाव पडला तरी बाजार समितीत दहा व्यापारी बोली लावायला असतात. इथे एकच व्यापारी, आणि तो यंदा घेणार की पुढच्या वर्षी हे त्याच्या अर्थसंकल्पावर ठरतं. कारखान्याचे पगार मात्र दर महिन्याला. हा दोष एका कंपनीचा नाही, या धंद्याची घडणच सध्या अशी आहे. गावठाण मोजणीचं उदाहरण घ्या. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजना सुरू झाली. लाखो गावं मोजली गेली, लोकांना मालमत्तेची सनद मिळाली. मोजणीच्या ड्रोनना मागणी आली. पण गाव एकदा मोजून झालं की झालं, दर खरिपाला काही मोजायचं नसतं.

आता मुख्य मुद्दा. ९ फेब्रुवारी २०२२ला केंद्राने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना परवानगी घेऊन सूट आहे. सुटे करून आणलेले, इथे फक्त जोडायचे असे संच आणायलाही बंदी. पण सुट्या भागांना? मुभा. मोटर आणा, ईएससी आणा, बॅटरीचे सेल आणा. त्याला परवानगीही लागत नाही. त्याच्या आधी, सप्टेंबर २०२१मध्ये, उत्पादनावर प्रोत्साहन देणारी १२० कोटींची योजना जाहीर झाली होती. अट अशी की विक्रीतला किमान चाळीस टक्के मूल्यवाढीचा भाग इथे झाला पाहिजे. तीन वर्षांसाठी सगळ्या देशाला १२० कोटी! आपल्या तालुक्यातल्या द्राक्षाची एका हंगामातली उलाढाल मनात धरा आणि तुलना तुम्हीच करा.

परिणाम काय झाला, तर जोडणारे खूप झाले आणि बनवणारे थोडे. तुम्हाला चटकन कळेल असं सांगतो. आपली थॉमसनची बाग डॉगरिजच्या खुंटावर असते. वरचा डोळा आपण निवडतो, भरतो, छाटतो, घड आपला म्हणून विकतो. पण मुळं खुंटाची. आज बहुतेक भारतीय ड्रोनचं असंच आहे. सांगाडा, सॉफ्टवेअर, जोडणी, रंग आणि नाव आपलं. मोटर, सेल आणि बरेचदा रेडिओसुद्धा बाहेरचा. फरक एवढाच की डॉगरिजची काडी आता आपल्याकडेच मिळते, ती कुणी बंद करू शकत नाही.

आणि मोटर बंद होऊ शकते? झाली आहे. १ सप्टेंबर २०२३पासून चीनने ड्रोनच्या काही मोटरी, कॅमेरे आणि लेझर यांच्या निर्यातीवर परवाना लावला. एप्रिल २०२५मध्ये दुर्मीळ धातू आणि त्यांच्या चुंबकांवर. ड्रोनच्या मोटरीत निओडिमियमचं चुंबक असतं. लहान आकारात जोरदार ओढ त्याशिवाय मिळत नाही. ते चुंबक बनवण्यात चीनचा वाटा इतका मोठा आहे की त्यांनी नळ फिरवला की बाकीच्यांची टाकी रिकामी. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. पण असे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात.

दुसरी बाजू सुरक्षेची. फेब्रुवारी २०२५मध्ये लष्कराने सामान वाहून नेणाऱ्या ४०० ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या. कारण, आतले भाग चिनी. सीमेवर उडणाऱ्या ड्रोनचा रेडिओ आणि मेंदू दुसऱ्याच्या हातातला असेल तर तो कुणाचं ऐकेल, ही शंका रास्त आहे. म्हणजे उत्पादक दोन्हीकडून अडकलाय. चिनी भाग घेतला तर लष्कर नाकारतं, आणि न घेतला तर भाव असा होतो की शेतकरी नाकारतो.

शेतकऱ्याकडे येऊ.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, डोक्याच्या वर गेलेली कपाशी आणि समोरून येणारा वारा. ड्रोनच्या फवारणीबद्दल मला जी आस्था आहे ती इथून आली आहे. मजूर वाचतो, पाणी वाचतं हे सगळं ठीक. पण औषधाच्या धुक्यातून माणूस बाहेर येतो, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. एकरी आठ-दहा लिटर पाण्यात काम होतं आणि चालवणारा बांधावर उभा असतो.

पण द्राक्षाला? इथे मी कंपन्यांच्या जाहिरातींशी सहमत नाही. ड्रोन वरून खाली फवारतो. आपली बाग मांडवाची असो की वाय पद्धतीची, पानांचं छत वर आणि घड खाली. डाऊनी पानाच्या खालच्या बाजूने येतो. ब्लोअर खालून आणि बाजूने हवा मारून पानं उलटी करतो, म्हणून त्याचं औषध आत पोचतं. ड्रोनच्या पंख्याचा वारा छताला दाबतो. शिवाय आपण एकरी शेकडो लिटर पाणी वापरतो. तेच औषध दहा लिटरमध्ये घातलं तर द्रावण किती तीव्र होईल? पानावर चट्टे, घडावर डाग, आणि उर्वरित अंश जास्त निघाला तर युरोपचं दार बंद. २०१०ची आठवण इथे कुणाला करून द्यायला नको. तेव्हा निर्यातीच्या बागेत फक्त ड्रोनवर भिस्त ठेवू नका. ऊस, मका, सोयाबीन, गहू यांत मात्र तो खरा उपयोगी आहे. वाढलेल्या उसात माणूस शिरूच शकत नाही, तिथे तर दुसरा उपायच नाही.

यात कारखानदारीचा एक बारकावा आहे. आपल्याकडचे बहुतेक फवारणी ड्रोन दहा लिटरचेच का? चीनमध्ये तर चाळीस-पन्नास लिटरचे चालतात. नियमात वजनाचे गट आहेत : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्यापुढे लार्ज. दहा लिटर औषध भरलेला ड्रोन पंचविसाच्या आत बसतो. त्याच्या वर गेलं की गट बदलतो, मग पायलटचं प्रशिक्षण वेगळं आणि यंत्राची तपासणी वेगळी. म्हणून सगळ्यांनी पंचविसाच्या आतच यंत्र बेतलं. शेताला काय हवं यापेक्षा कागदाला काय चालतं यावर टाकीचा आकार ठरला. शिवाय प्रत्येक मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागतं. फवारणीच्या ड्रोनला पहिलं सर्टिफिकेट जून २०२२मध्ये गुरुग्रामच्या एका कंपनीला मिळालं. मंजूर रचनेत महत्त्वाचा बदल केला की पुन्हा मंजुरी. छोट्या उत्पादकाने शेतकऱ्याचं ऐकून यंत्र सुधारायचं म्हटलं तर खर्च आणि महिने दोन्ही जातात. सुरक्षेसाठी तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण नोझल सुधारणं आणि मेंदू बदलणं यांना एकाच तागडीत तोलू नये, असं मला वाटतं.

आता पैशाचा हिशेब. फळ्यावर लिहितो. आकडे मी धरून चाललोय, तुम्ही तुमच्या भागाचे घाला.

दिवसाला १५ एकर, वर्षात १०० दिवस काम. १,५०० एकर. एकरी ४०० रुपये धरले तर सहा लाख. पायलट आणि मदतनीस दिवसाला दीड हजार, म्हणजे दीड लाख. गाडी आणि जनरेटर दिवसाला सातशे, म्हणजे सत्तर हजार. बॅटरी : एका चार्जमध्ये एक एकर, एक संच ३०० वेळा चार्ज होतो, किंमत पन्नास हजार. दीड हजार एकराला पाच संच. अडीच लाख! म्हणजे ४०० रुपयांतले जवळजवळ १६७ रुपये नुसती बॅटरी खाते. खर्च झाला चार लाख सत्तर हजार. राहिले एक लाख तीस हजार. त्यातून विमा, पाती, एखादा अपघात. आठ लाखांचं यंत्र पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाला एक लाख साठ हजार नुसतं मुद्दल. तुटीत गेलात.

आता एकच आकडा बदला. तोच संच ६०० वेळा चालला तर? बॅटरीचा खर्च सव्वा लाखाने घटतो, हातात दोन लाख पंचावन्न हजार राहतात, आणि धंदा उभा राहतो. म्हणून म्हटलं की तुमचा प्रश्न आणि कारखान्याचा प्रश्न एकच आहे. चांगला सेल या देशात बनला आणि स्वस्त मिळाला, तर इथल्या मुलाचा हिशेब जुळेल. सप्टेंबर २०२५मध्ये ड्रोनवरचा जीएसटी सरसकट पाच टक्के झाला, आधी तो अठरा आणि काही ड्रोनवर अठ्ठावीस होता. त्याने यंत्र स्वस्त होईल. बॅटरी तेवढीच वेळा चालेल.

मुलांसाठी एक सांगतो. ओझर इथून पाऊण तासाच्याही आत. १९६४पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई झाली, १७ ऑक्टोबर २०२५ला तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. विमानाचा भाग म्हणजे काय, त्याची तपासणी कशी करतात, प्रत्येक बोल्टचा कागद का ठेवायचा, हे जाणणारी निवृत्त माणसं या पंचक्रोशीत आहेत. दुसरीकडे ब्लोअर बनवणारी, दुरुस्त करणारी वर्कशॉपं आहेत, त्यांना पंप आणि नोझल कळतात. ही दोन टोकं एकमेकांशी बोलत नाहीत. संपूर्ण ड्रोन बनवायला निघू नका, त्यात शंभर जण आहेत. आपल्याला पंप आणि नोझल येतं. तेच विमानाच्या शिस्तीने बनवा आणि ड्रोनवाल्यांना विका.

प्रश्न घेऊ.

एक ताई : सर, आमच्या गटाला ड्रोन दीदीतून मिळतोय असं सांगतात. घ्यावा का?

उत्तर : ताई, योजना खरी आहे. १,२६१ कोटींची, देशभरातल्या १५ हजार गटांसाठी. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख अनुदान, उरलेल्याला कर्जाची सोय आणि गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. मघाचा हिशेब बघा, यंत्राचा हप्ता जवळजवळ नाहीसा झाला की एक लाख तीस हजारातूनही काही उरतं. पण दोन गोष्टी आधी लिहून घ्या. बॅटरी संपल्यावर नवी कुठून आणि कितीला मिळेल, आणि ड्रोन पडला तर दुरुस्ती नाशकात होईल की तो परराज्यात पाठवावा लागेल. फवारणीच्या ऐन आठवड्यात यंत्र दुरुस्तीला गेलं तर तो हंगाम गेला. आणि गावात पंधराशे एकर मिळणार आहेत का? नसतील तर शेजारच्या दोन गावांच्या गटांशी आधीच बोला.

एक तरुण : लायसन्सशिवाय घरी जोडलेला ड्रोन उडवला तर चालेल का?

उत्तर : २५० ग्रॅमच्या आतला असेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचाही, धंद्यासाठी नसेल तर लागत नाही, पण नोंदणी लागते. पैसे घेऊन फवारणी करायची तर वय किमान अठरा, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रशिक्षण हवं. आणि उडवण्याआधी डिजिटल स्कायवरचा नकाशा उघडा. ओझरचं विमानतळ शेजारी आहे, देवळाली आणि गांधीनगरला लष्कर आहे. आपल्या जिल्ह्यात लाल पट्टा कुठे संपतो ते दर वेळी बघावं लागतं.

एक बागायतदार : मग द्राक्षाला ड्रोन कधीच चालणार नाही का?

उत्तर : काका, कधीच असं नाही म्हणत. खरड छाटणीनंतर फूट कोवळी असते, छत भरलेलं नसतं, तेव्हा औषध आत जाऊ शकतं. पावसाने बागेत चिखल झाला, ट्रॅक्टर जात नाही आणि डाऊनीची भीती आहे, तेव्हा एक हात मारून वेळ काढता येईल. पण आधी चार ओळींवर करून बघा. पानाच्या खालच्या बाजूला पाण्याने रंग बदलणारे कागद लावा, बाजारात मिळतात. ड्रोन फिरवा साध्या पाण्याने. कागदावर ठिपके पडले तर पुढे बोलू, कोरे राहिले तर विकणाऱ्यालाच ते कागद दाखवा.